तिसऱ्याचा कप

"जे माझ्यासाठी नाहीच, त्याचे पैसे मी का भरायचे, आक्का? एवढंच सांगा."

चुलीपुढं बसलेल्या आक्कांनी मान वर केली नाही. फुंकणीनं एकदा जाळ फुंकला आणि विचारलं,

"कशाचे पैसे?"

"गाडीच्या विम्याचे."

आक्का आंबवणीच्या घाटमाथ्यावर, घाटजाईच्या देवळाला लागून असलेल्या पत्र्याच्या पडवीत राहत. कधीपासून, ते कुणी विचारत नसे. घाट चढून आलेला ड्रायव्हर देवीपुढं नारळ फोडी, आक्कांच्या हातचा चहा घेई आणि पुढं जाई. ज्याला काही विचारायचं असेल, तो थोडा जास्त वेळ टेके.

विचारणारा जयसिंग कणसे त्यांचा जुना शिष्य. घाटाखाली पेठेत त्याचं फरशीचं दुकान होतं. व्यवहारात आपल्याला कुणी फसवू शकत नाही, असं तो नेहमी सांगे. ते खरंही होतं.

भाद्रपद संपत आला होता. त्या दिवशी दुपारीच धुकं उतरलं होतं. पडवीपुढं उभी केलेली जयसिंगची पांढरी गाडी अर्धीच दिसत होती. मागची अर्धी कुणी ओल्या फडक्यानं पुसून टाकावी, तशी नाहीशी झाली होती.

"विम्याला दोन भाग असतात, आक्का. नीट सांगतो."

"सांग. मला कुठं जायचंय?"

"एक भाग माझ्या गाडीचा. ठोकली, चोरीला गेली, पुरात बुडाली, तर कंपनी भरून देते. हा मला पटतो."

"बरं."

"त्यातही बारकावे आहेत. गाडीची किंमत दरवर्षी कमी धरतात. घसारा म्हणतात त्याला. काच फुटली तर पूर्ण भरपाई. प्लास्टिकचा बंपर मोडला तर निम्मी. ती निम्मी नको असेल, तर हप्ता थोडा वाढवायचा, मग घसारा धरत नाहीत. मी तोही वाढवून घेत होतो. इंजिनात पाणी गेलं तर त्याचं वेगळं. किल्ली हरवली तर तिचं वेगळं."

"किल्लीचासुद्धा विमा?"

"किल्लीचासुद्धा."

आक्का हसल्या. "माझा नाही का रे कुणी काढत? मला तर रोजचाच घसारा लागतो."

जयसिंगही हसला. पण त्याचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"आता दुसरा भाग. तो तिसऱ्या माणसाचा."

आक्कांनी आता मान वर केली.

"तिसरा कोण?"

"पहिला मी. दुसरी कंपनी. तिसरा म्हणजे रस्त्यावरचा कुणीही. माझ्या गाडीनं त्याला लागलं, नाहीतर तो मेला, तर त्याला किंवा त्याच्या घरच्यांना कंपनी देणार. माझी गाडी दरीत गेली तरी त्यातून मला छदामही नाही."

"मग?"

"मग गंमत बघा. सरकार म्हणतं, पहिला भाग घ्या नाहीतर नका घेऊ. तुमची गाडी, तुमचं नुकसान, तुमची मर्जी. पण दुसरा घेतलाच पाहिजे! म्हणजे माझा विमा मर्जीचा. आणि ज्याला मी आयुष्यात पाहिलं नाही, त्याचा सक्तीचा."

"उलटंच आहे म्हणायचं."

"तेच म्हणतोय मी! बरं, त्याचा दर सरकार ठरवतं. तोही इंजिनाचा आकार बघून. चालवणारा कसा आहे ते बघतच नाहीत. इतकी वर्षं मी कुणाला खरचटवलं नाही. पहिल्या भागावर त्याची सूट मिळते. दुसऱ्यावर नाही. का नाही?"

"का नाही?"

"एजंटाला विचारलं. तो म्हणाला, साहेब, तुमचा स्वभाव तिसऱ्याच्या काय कामाचा?"

"शहाणा आहे तुझा एजंट."

"आगाऊ आहे. चांगला झाडला त्याला. म्हटलं, दुसरा भाग काढून दे, पहिला लगेच भरतो. तो म्हणाला, तसं देता येत नाही. म्हटलं, मग बस."

चुलीतलं लाकूड तडकलं.

"कधीची गोष्ट?" आक्कांनी विचारलं.

"गेल्या आठवड्यातली. परवा मुदत संपली. सोमवारी बघू म्हणून ठेवून दिलं."

"आज?"

"आज शनिवार."

"म्हणजे आज तुझ्या गाडीला काहीच नाही."

"काहीच कसं नाही? खाली वळणावर लिंबू-मिरची नवी बांधली. आत्ता देवीपुढं नारळ फोडला. तुम्ही बॉनेटवर अंगारा लावून दिलात की सोमवारपर्यंत भागतं. म्हणून तर मुद्दाम घाट चढून आलो."

तो हे हसत म्हणाला होता. पण खिशातला रुमाल काढून बॉनेटवरची ओल त्यानं आधीच पुसून ठेवली होती. अंगारा नीट बसावा म्हणून.



आक्कांनी किटली उतरवली. फळीवरून कप काढले. एक जयसिंगपुढं ठेवला. एक स्वतःपुढं. आणि एक, कान तुटलेला, दोघांच्या मधे, जिथं कुणी बसलं नव्हतं तिथं.

तिन्हींत चहा ओतला.

जयसिंगनं मागं वळून पाहिलं. पडवीत दोघांवाचून कुणी नव्हतं.

"आणखी कोण आहे, आक्का?"

"तिसरा."

"कुठाय?"

"यायचाय."

"कोण येणार आहे?"

"मला काय ठाऊक? तुला ठाऊक आहे?"

"मला कसं असेल?"

"तू त्याच्या नावानं एवढा भांडून आलास. म्हटलं, ओळख असेल."

जयसिंगनं कप उचलला. पण प्यायला नाही.

"आक्का, तिसरा म्हणजे असा कुणी एक नसतो. त्याचं नाव कुठं लिहिलेलं नसतं. कुणीही असू शकतो. नसूही शकतो."

"नसूही शकतो?"

"इतकी वर्षं नव्हता."

"इतकी वर्षं तुला भेटला नव्हता."

...

मधल्या कपातून वाफ वर येत होती. तिची सरळ रेघ पत्र्यापर्यंत जात होती. जयसिंगच्या कपातली वाफ मात्र इकडंतिकडं पांगत होती. वारा तर दोन्हींना एकच होता.

आक्का धुक्याकडं बघत हळू आवाजात म्हणाल्या,

"आता उठला असेल. घोंगडी घेतली असेल. वहाण शोधत असेल दाराशी. एक सापडली असेल, एक सापडत नसेल..."

"कोण?"

"चहा पी. निवतोय."

त्यानं चहा एका दमात संपवला. जीभ पोळली. तो उठला.

"मला उजेड आहे तोवर खाली उतरायचंय. अंगारा तेवढा लावा."

आक्का उठल्या. देवीपुढच्या वाटीत अंगठा बुडवला आणि गाडीपाशी आल्या. जयसिंगनं बॉनेटवर बोट ठेवून जागा दाखवली.

आक्का बॉनेटपाशी थांबल्या नाहीत.

त्या गाडीच्या पुढं गेल्या. बंपरपासून हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. समोर धुकंच होतं. त्यांनी हात वर केला, आपल्या कपाळापेक्षा थोडा खाली. आणि अंगठा हवेत टेकवला. हळूच, वरून खाली ओढला. पोराला गंध लावताना आई ओढते तसा.

हात खाली आला तेव्हा अंगठा स्वच्छ होता. राखेचा कण जमिनीवर पडलेला दिसला नाही.

"आक्का... गाडीला लावा म्हटलं होतं."

"गाडीला कशाला? तिला काय दुखतंय?"

मग त्या धुक्याकडं तोंड करून, शेजारच्या घरातल्या माणसाला हाक मारावी तशा म्हणाल्या,

"या."

जयसिंगच्या मानेवर काटा आला. त्याचा त्याला रागही आला. तो गाडीत बसला आणि काच वर केली. आरशात पाहिलं तेव्हा पडवी दिसत नव्हती. चुलीचा एक तांबडा ठिपका तेवढा होता. पुढच्या वळणाला तोही गेला.

घाट त्याच्या पायाखालचा होता. कुठं ब्रेक लावायचा आणि कुठं सोडायचा, हे त्याला विचार न करता समजत असे. धुक्यातही तो वेगात उतरे, आणि लोकांना ते सांगेही. आज रागानं तो थोडा जास्तच वेगात होता.

लिंबू-मिरची समोर हलत होती.

"म्हातारपणी काहीतरीच," तो मोठ्यानं म्हणाला. गाडीत आवाज घुमला आणि त्याला तो आवडला नाही.

दिव्यांच्या उजेडात धुकं भिंतीसारखं उभं राहत होतं आणि गाडी त्या भिंतीत शिरत होती. डाव्या बाजूचा कठडा मधेच दिसे, मधेच संपे.

एक सापडली असेल, एक सापडत नसेल...

त्यानं मान झटकली. रेडिओ लावला. नुसती खरखर आली. बंद केला.

कोण असेल? कुणाचा कोण? आत्ता या घटकेला कुठल्यातरी दाराशी कुणीतरी वाकून वहाण शोधतोय, आणि त्याचा आपल्याशी काही संबंध नाही. त्याला दुसरी वहाण लवकर सापडली तर तो आधी निघेल. उशिरा सापडली तर नंतर निघेल. आणि मी...

मी एक कप चहा पिऊन निघालो.

पोळलेली जीभ त्यानं टाळूला लावून पाहिली.

पुढं उंबराचं वळण होतं. इथं तो कधी ब्रेक लावत नसे. नुसता पाय उचलला की गाडी वळत असे.

त्यानं ब्रेक लावला.

का, ते त्याला पुढंही सांगता आलं नाही. समोर काही नव्हतं. गाडी ओल्या रस्त्यावर थोडी घसरली, तिरकी झाली आणि थांबली. त्यानं इंजिन बंद केलं. का, तेही नाही.

शांत झालं.

उंबराच्या पानांवरून टपावर थेंब पडत होते. त्याखेरीज काही नाही. त्यानं काच खाली केली. धुकं आत आलं.

"कोण आहे?"

...

"कोण आहे का तिथं?"

टक्.

दगडावर काठी टेकावी तसा आवाज. मग पुन्हा. टक्. अगदी समोरून. इंजिन चालू असतं तर तो ऐकू आलाच नसता.

मग धुक्यातून एक हात बाहेर आला. नुसता हात. मनगटापुढं काही दिसत नव्हतं. त्या हातानं हवेत चाचपलं आणि तळवा बॉनेटवर ठेवला. जयसिंगनं पुसून ठेवलेल्या जागेवर.



"थांबलात व्हय?" हातामागून आवाज आला. आणि त्यामागून एक बुटका, वाळका म्हातारा बाहेर आला. डोक्यावर घोंगडीची खोळ. "हितं कुणी थांबत न्हाय. वळणाला हरेक गाडी अशी झुम्मदिशी जातीया."

तो बंपरपासून हातभर अंतरावर उभा होता.

जयसिंग खाली उतरला. दार धरून उभा राहिला.

"बाबा... रस्त्याच्या मधून का चालताय?"

"कडंनं पाय घसरतोय. शेवाळ हाय. मधनं बरं." म्हाताऱ्यानं त्याच्याकडं निरखून पाहिलं. "तुमी का थरथरताय? थंडी वाजती?"

"कुठं निघालात?"

"वर. आक्कांकडं. च्याला."

"रोज जाता?"

"छ्या! औंदा एकदाबी न्हाय गेलो. गुडघं दुखत्यात. आज मगाशी उठलो, तवर त्यांनी हाक मारली, म्हून निघालो."

"हाक मारली? तुमचं घर कुठाय?"

म्हाताऱ्यानं खाली दरीकडं काठी केली. तिकडं धुक्याखेरीज काही नव्हतं. "त्या तिथं खाली. धनगरवाड्यात. जानू झोरे म्हणा, कुणीबी सांगंल."

"एवढ्या लांब हाक ऐकू आली?"

"नाव न्हाय घेतलं. नुसतं 'या' म्हणाल्या. पण मलाच."

म्हाताऱ्यानं खोळ मागं सारली. आणि जयसिंगनं त्याचं कपाळ पाहिलं.

दोन भुवयांच्या वर राखेची एक उभी रेघ होती. अंगठ्याएवढी रुंद. म्हाताऱ्याचं तोंड, मिशा, घोंगडी सगळं धुक्यानं भिजून ठिबकत होतं. रेघ कोरडी होती.

"हा अंगारा... कुणी लावला?"

"कसला अंगारा?" जानूबानं कपाळाला हात लावला, बोट पाहिलं. "आरं तिच्या! आज तर मी आंगुळबी केली न्हाय."

आणि तो बोळक्या तोंडानं खूप हसला.

जयसिंगनं गाडी वळवली. वळवायला जागा नव्हती. मागंपुढं, मागंपुढं करत, घामानं भिजत त्यानं ती वळवली. जानूबाला शेजारी बसवलं. म्हातारा पाय आखडून बसला होता.

"सैल बसा, बाबा."

"चिखल लागंल तुमच्या गाडीला."

"लागू द्या."

जानूबानं पाय सोडले. जयसिंगनं एकदा खाली पाहिलं. लगेच रस्त्याकडं पाहिलं. मग पुन्हा खाली पाहिलं.

एका पायात तपकिरी वहाण होती. दुसऱ्या पायात निळी स्लिपर.

"एक घावली, एक घावंना," जानूबा म्हणाला. "लई शोधली. मग नातवाची घातली. त्यातच येळ गेला, न्हायतर मघाच वर पोचलो असतो."

जयसिंग पहिल्या गियरमध्ये घाट चढला. प्रत्येक वळणाला हॉर्न वाजवत. ज्या वळणांना त्यानं इतक्या वर्षांत कधी वाजवला नव्हता, त्यांनाही.

पडवीत आक्का होत्या तशाच बसल्या होत्या. मधल्या कपातून वाफेची रेघ अजून सरळ वर जात होती.

"ये रे जानू. घे."

जानूबानं कप दोन्ही हातांनी धरला, फुरका मारला. "आक्का, साखर कमी हाय."

"तुझ्या गुडघ्यांना साखर नको."

"गुडघ्याला कशापायी जाईल? तोंडातच ऱ्हाईल की."

दोघं जुन्या शेजाऱ्यांसारखी हसली. जयसिंग पायरीवरच उभा होता. त्यानं फोन काढला. पडवीत रेंज नव्हती. तो देवळामागच्या खडकावर चढला. तिथं कधी येते, कधी जाते. त्याचा आवाज तुटक तुटक पडवीत येत होता.

"हो, दोन्ही भाग... नाही, भांडत नाही आता... पहिल्याला गाडी तपासावी लागेल? तो सोमवारी कर. दुसरा आत्ता... आत्ता म्हणजे आत्ता. लागू कधीपासून?... आज रात्री बारापासून?... बरं. पाठव. लगेच भरतो..."

मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

तो खाली आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला होता. चपला काढून तो आक्कांपुढं बसला. कपाळ जमिनीला टेकवलं. उठल्यावर त्याला वाटलं, छातीवरचा मोठा दगड उतरला आहे.

"भरले, आक्का. त्याचे आधी भरले. माझं नंतर बघू."

"चांगलं केलंस."

"आता समजलं मला, तिसरा कोण ते." त्यानं जानूबाकडं पाहिलं. जानूबा कपाच्या तळाशी राहिलेली खारी शोधत होता. "तो आला. चहा प्यायला. झालं. आता मी निर्धास्त जातो."



आक्कांनी जानूबाच्या हातातला रिकामा कप घेतला. बादलीतल्या पाण्यानं विसळला. पदरानं कोरडा केला. आणि पुन्हा मधे ठेवला, जिथं कुणी बसलं नव्हतं तिथं.

किटलीतला उरलेला चहा त्यात ओतला.

वाफेची रेघ सरळ वर गेली.

जयसिंगनं जानूबाकडं पाहिलं. जानूबानं हात हलवला. "मला बास झाला."

बाहेर धुकं पायरीपर्यंत आलं होतं. गाडी आता मुळीच दिसत नव्हती.

"आक्का," जयसिंगचा आवाज अगदी बारीक झाला होता, "आता हा कुणाला?"

आक्कांनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"तुला घाट अजून उतरायचाय ना?"